सल्ला हवा: सरकी काढायच्या यंत्राची जुनी रेखाचित्रं सातवीच्या पोरांना कशी दाखवू?

पऱ्हाटी_यवतमाळ
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गातली निम्मी पोरं दिवाळीनंतर घरच्यांसोबत कापूस वेचतात. रुई म्हणजे तंतू, सरकी म्हणजे बी, गठाण म्हणजे दाबून बांधलेला गठ्ठा, हे त्यांना सांगावं लागत नाही. पण सरकी वेगळी करणारं यंत्र कसकसं बदलत गेलं, हे मला त्या त्या काळच्या रेखाचित्रांतून दाखवायचंय. भिंतीवर पाच-सहा चित्रं मावतील. प्रिंट काळी-पांढरी निघते. कोणती लावू?

जुने_कागद_नागपूर
ताई, पहिलं पान फ्रान्समधल्या दिदेरोच्या विश्वकोशातलं घ्या. १७५१ पासून निघालेल्या या ग्रंथात अकरा खंड नुसत्या चित्रांचे आहेत. विषय कापसाचाच हवा असं नाही, कुठलाही धंदा चालेल. बऱ्याच पानांवर वर कारखाना असतो, त्यात माणसं कामाला लागलेली. खाली तीच अवजारं सुटी करून मांडलेली.

त्याच्या शेजारी अमेरिकेतल्या एली व्हिटनीच्या सरकी काढायच्या यंत्राचं, १७९४ च्या पेटंटमधलं चित्र लावा. त्यात दांडा आहे, पण तो फिरवणारा माणूस नाही. पोरांना विचारा, माणूस कुठे गेला? माझ्या मते सगळ्या भिंतीची गोष्ट या एका प्रश्नात आहे. आणि हेही सांगा, की मूळ कागद १८३६ साली पेटंट कार्यालयाच्या आगीत जळाले. आज मिळतं ते नंतर पुन्हा काढलेलं चित्र.

जिनिंग_फिटर_हिंगणघाट
मॅडम, व्हिटनीचं जरूर लावा, पण आपल्या इकडच्या जिनिंगची, म्हणजे सरकी काढायच्या कामाची, जात वेगळी आहे. व्हिटनीच्या यंत्रात तारेचे दात फटीतून रुई ओढून नेतात, सरकी अलीकडेच अडते, मागचा ब्रश दातांवरची रुई झाडतो. आपल्याकडे रोलर. म्हणून आधी दोन लाटण्यांची हातचरकी, मग मॅकार्थी नावाच्या माणसाचा १८४० चा जिन (सरकी काढायचं यंत्र), शेवटी आपला डबल रोलर असं ओळीनं लावा.

यंत्राचं बाहेरून काढलेलं चित्र नको, मधून कापल्यासारखा छेद पाहिजे. मॅकार्थीच्या छेदात पाहायच्या तीनच गोष्टी: एक गोल रोलर, त्याला टेकलेलं पक्कं पातं, आणि एक हलतं पातं. रोलरच्या चामड्याला रुई चिकटते अन् पात्याखालून निघून जाते. सरकी मोठी, ती पात्यापाशी अडते, हलतं पातं तिला ठोका देऊन पाडते. डबल रोलरमध्ये गोल दोन झाले, हलता भाग मधे एकच.

पोट्ट्यायले लाल पेन्सिलीनं रुईचा रस्ता अन् निळ्यानं सरकीचा काढू द्या. जिथे दोन रंग फुटले तिथेच यंत्राचं काम झालं. नवा हेल्पर आला की मी त्याले असंच शिकवतो.

खामगाव_कट्टा
एक चित्र यंत्राचं नसलेलंही लावा. शार्ल मिनार नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं १८५८, १८६४ आणि १८६५ साली युरोपात आलेल्या कापसाचे नकाशे एकाशेजारी एक काढले. जितका माल, तितका पट्टा रुंद. १८५८ मध्ये अमेरिकेचा पट्टा सगळ्यांत जाड. मग तिथे यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं अडवली, आणि १८६४ च्या नकाशात हिंदुस्थानचा पट्टा फुगलेला दिसतो. त्या पट्ट्यात आपल्या वऱ्हाडचा कापूस आहे. खामगावला रेल्वेचा फाटा आला तो १८७० साली, कापसासाठीच. हा नकाशा तेवढा रंगीत काढून आणा, काळ्या-पांढऱ्यात पट्टे एकमेकांत मिसळतात.

सूत_वर्धा
जमलं तर पोरांना वर्ध्याच्या मगन संग्रहालयात न्या. चरखे प्रत्यक्ष बघायला मिळतात.

पऱ्हाटी_यवतमाळ
सगळ्यांचे मनापासून आभार. आज प्रत्येकाला एकेक बोंड दिलं आणि बोटांनी सरकी काढायला लावली. मग वहीत स्वतःच्या बोटांचं चित्र. एका पोरीनं फक्त अंगठा, त्याच्याजवळचं बोट आणि मधे अडकलेली सरकी काढली, बाकी हातच नाही. ते चित्र भिंतीवर पहिलं लावतेय.

हिंगणघाटचे दादा, डबल रोलरचा छेद तुम्ही हातानं काढून द्याल का? मापं नकोत, पाती ओळखू आली की झालं.

जिनिंग_फिटर_हिंगणघाट
पाळी सुटली की काढतो. रोलर किती झिजला की बदलतो, तेही तुटक रेघेनं दाखवतो.