वकिलांकडे कारकून व्हायचंय: डिप्लोमा करू की थेट कोर्टात जाऊ?

मानसी_कराड:
नमस्कार. बी.ए. झालंय, मराठी ३० आणि इंग्रजी ४० टायपिंग आहे, एमएस-सीआयटीही आहे. कराड कोर्टात मामांचा दावा बघणारे वकील म्हणतात, "ये, काम शीक, सुरुवातीला आठ हजार देईन." दुसरीकडे एक संस्था पॅरालीगलचा (वकिलाच्या मदतनिसाचा) ऑनलाइन डिप्लोमा पस्तीस हजारांना देतेय, 'नोकरीची हमी' वगैरे. आजी म्हणते, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये! कारकुनाला नेमकं काय करावं लागतं? पुढे काही होतं का?

जुना_कारकून_सातारा:
ताई, पस्तीस हजार वाचवा. तालुक्याच्या कोर्टात सर्टिफिकेट कुणी बघत नाही. वकीलसाहेब विचारतात ते दोनच: "नक्कल (कोर्टाच्या कागदाची प्रमाणित प्रत) आली का?" आणि "मुदत कधी संपते?"

सकाळी आधी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघायचा. ई-कोर्ट्स अॅपवर सीएनआर नंबर (केसचा स्वतंत्र क्रमांक) टाकला की पुढची तारीख दिसते, पण तेवढ्यावर राहू नका. रोजनामा, म्हणजे त्या त्या तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, स्वतः वाचा. समन्स बजावायचा भत्ता (फी) भरायचा राहिलाय, की समोरच्याचं म्हणणं यायचंय, हे तिथे कळतं. 'पाचचा अर्ज' म्हणजे निशाणी ५, तात्पुरत्या मनाईचा अर्ज. त्याची तारीख असली की फाइल आदल्या संध्याकाळीच काढून ठेवायची.

खरं काम मुदतीचं. प्रतिवादीची कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, कोर्टाने वाढवून दिली तर ९०. निकाल लागला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस असतात. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज टाकायला तुम्ही जे दिवस घालवले ते होत नाहीत. इथेच नवीन पोरं मार खातात.

आणि पक्षकाराकडून परस्पर पैसे घेऊ नका. स्टॅम्प, टपाल, झेरॉक्स, सगळं वहीत लिहून ठेवा. "आपल्याच बाजूने लागेल बघा" हे तर तोंडातून कधीच नको. पक्षकार ते वाक्य वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो.

आठ हजार कमीच आहेत. पण साहेब दिवाणीचे आहेत ना? मग जा. फौजदारीत धावपळ जास्त, कागद कमी. दिवाणीत कागद शिकता येतो.

रेवा_पुणे:
मी अशीच लागले, आता सर्च रिपोर्टची (जमिनीच्या मालकीचे जुने कागद तपासायची) कामं करते. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा), सात-बारा, फेरफार वाचता यायला लागले की बाहेरची कामं आपोआप येतात. लिव्ह अँड लायसन्सची (भाडेकराराची) ऑनलाइन नोंदणीही शिकून घ्या, घरबसल्या चार पैसे सुटतात. मुलगी म्हणून विचारत असाल तर नझारतीत (समन्स-नोटिसा बजावणाऱ्या कोर्टाच्या विभागात) पहिले काही दिवस सगळे बघतात, मग नावाने ओळखायला लागतात.

परीक्षार्थी_९७:
जिल्हा न्यायालयात कनिष्ठ लिपिकाची भरती निघते तेव्हा हेच टायपिंग लागतं, जाहिरातीवर लक्ष ठेव. पदवी आहेच, तर लॉची सीईटी (प्रवेश परीक्षा) देऊन तीन वर्षांचं एल.एल.बी.ही करता येईल.

मानसी_कराड:
सगळ्यांचे आभार. साहेबांना सोमवारपासून येते म्हणून कळवलंय. त्यांच्याकडे चेक बाउन्सच्याही फायली आहेत. कलम १३८ खाली (चेक बाउन्सची) नोटीस पाठवायचे ३० दिवस चेक परत आला त्या तारखेपासून मोजायचे का?

जुना_कारकून_सातारा:
नाही. चेक परत आल्याचं बँकेकडून आपल्या पक्षकाराला कळलं तिथून, तो दिवस सोडून. मेमोवरची (चेक परत केल्याच्या बँकेच्या चिठ्ठीवरची) तारीख वेगळी असू शकते, म्हणून मेमो कधी हातात आला ते फाइलवर टिपून ठेवा. नोटीस पोचल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. ते संपले की एक महिन्याच्या आत तक्रार दाखल व्हायलाच हवी. नोटीस पोचली की टपालाच्या ट्रॅकिंगची प्रिंट लगेच काढा, काही महिन्यांनी ती माहिती साइटवर सापडत नाही.