पोलंडची ओळख कुणाच्या सिनेमात: वायदाच्या की मुंकच्या?

खिडकीपाशी:
पोलिश दिग्दर्शक आंद्जेय वायदाचे युद्धपट म्हणजे हुतात्म्यांची आरती, असं परवा एकाने ठासून सांगितलं. मला हे अजिबात पटत नाही. १७९५ ते १९१८ पोलंड नकाशावरच नव्हता. एवढा काळ देश कवितेत आणि चर्चमध्ये तग धरून राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर, रशियाच्या दडपणाखाली, ते ओझं सिनेमाने उचललं. 'कनाल' (१९५७) बघा. १९४४ चा जर्मनांविरुद्धचा वॉर्साचा उठाव चिरडला जातोय, लढणारे गटारांतून वाट काढतायत. एक मुलगी जखमी सोबत्याला ओढत गटाराच्या तोंडाशी आणते, तर तिथे लोखंडी गज. बाहेर व्हिस्तुला नदी, ऊन, गवत. त्याला दिसत नाहीये; ऊन फार आहे, डोळे मिटून घे, असं ती त्याला सांगते. पैलतीरावर सोव्हिएत फौज येऊन, मदतीला न येता थांबली होती. सेन्सॉरपुढे हे उच्चारणं शक्यच नव्हतं. वायदाने फक्त तो काठ दाखवला, पोलिश प्रेक्षकाला बाकीचं ठाऊक होतं. ही आरती?

मधली रांग:
प्रसंग थोरच आहे. पण पराभवाला इतकं सोवळं नेसवलं की मग त्याला कुणी हात लावायचा नाही, असं होतं. त्याच काळातल्या दिग्दर्शक आंद्जेय मुंकने 'एरोइका'त (१९५८) तो लावला. युद्धकैद्यांच्या छावणीत पोलिश अधिकारी एका पळून गेलेल्या वीराच्या आठवणीवर जगतायत. प्रत्यक्षात तो कुठेच गेलेला नाही, त्यांच्याच डोक्यावर माळ्यात लपून कुढतोय. मुंक १९६१ मध्ये अपघातात गेला, चाळिशीही न गाठता. मला तर ते पोलिश सिनेमाचं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं.

पंचगंगाकाठ:
आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे ५,००० माणसं. बहुतेकांना सोव्हिएत राजवटीने घरातून उचलून सायबेरियाकडे धाडलेलं. ही हकिगत पोलंडमध्ये १९८९ पर्यंत पडद्यावर सरळ सांगायची सोय नव्हती. त्यामुळे वायदाने जे सूचित केलं, त्याचं मोल मला फार वाटतं.

खिडकीपाशी:
अगदी! वायदाचे वडील १९४० च्या कातिन हत्याकांडातले, म्हणजे सोव्हिएत राजवटीने ठार केलेल्या हजारो पोलिश अधिकाऱ्यांतले, बळी. त्यावर सिनेमा करायला त्याला २००७ उजाडलं, तेव्हा तो ८१ वर्षांचा होता.

मधली रांग:
त्या दुःखापुढे मी हात जोडतो. पण सेन्सॉर गेल्यानंतर काय झालं? 'इडा'ने (२०१३) पोलंडला परभाषिक चित्रपटाचं पहिलं ऑस्कर आणलं. त्यात एक पोलिश शेतकरी जंगलात खणून, युद्धकाळात त्यानेच मारलेल्या ज्यू कुटुंबाची हाडं वर काढतो आणि त्याच खड्ड्यात बसून कबुली देतो. त्यावर लोकांनी अर्ज केला की सुरुवातीला पाटी लावा, देश जर्मनांच्या ताब्यात होता. ताबा खराच होता, ज्यूंना आसरा देणाऱ्या पोलिश माणसांना जर्मनांनी ठारही मारलं. तरी तो खड्डा पोलिश माणसानेच खणला होता, आणि पाटी मागणारे सरकारी सेन्सॉर नव्हते.