मदत हवी आहे: कोअरसाईटचा ट्रेस मधातच तुटते, एनेबल मात्र १ च दाखवते

नमस्कार मंडळी, मी दारव्ह्याकडच्या खेड्यातला. वावरातल्या मोटरसाठी एक कंट्रोलर बनवला आहे आणि त्याच्यात आता पार अडकलो, म्हणून सविस्तर लिहून रायलो.

बोर्ड ड्रॅगनबोर्ड ४१०सी म्हणजे एका पाटीवरचा लहान कॉम्प्युटर, सेकंडहँड घेतला, लिनक्स कर्नल ५.४. लाईनचा भरवसा नाही म्हणून फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवतो, बोर्डाले साडेसहा ते अठरा व्होल्ट चालते त्यामुळं ती अडचण नाही. सी मधला प्रोग्राम आहे, विहिरीतल्या सेन्सरकडून पाण्याची पातळी घेते आणि पाणी खाली गेलं की रिलेने मोटर बंद करते. पण दोनतीन दिवसांतून एखाद्या वेळी रिले सुटतच नाही, प्रोग्राम जिवंत असते, लॉगही येत असते, मोटर मात्र चालूच. मागच्या महिन्यात थ्री फेज रात्रीची होती, मोटर अशीच कोरडी चालत राहिली, पहाटे बाबा वावरात गेले तर जळका वास, वायंडिंग गेलं. हरभऱ्याचं दुसरं पाणी राहून गेलं. म्हणून हे मले काहीही करून शोधायचंच आहे.

जीडीबी (डीबगर) लावला की बग येतच नाही. प्रिंट टाकले तरी नाही, टायमिंग बदलते. मग वाचता वाचता कोअरसाईट सापडलं, म्हणजे प्रोग्राम कोणत्या वाटेनं गेला त्याचा माग (ट्रेस) ठेवणारी चिपमधलीच यंत्रणा. प्रत्येक कोअरले एक ईटीएम असते, कोअर कुठून कुठं वळला ते दाबून बारीक करून बाहेर टाकते, प्रोग्रामले हातही लावत नाही. या बोर्डावर चारही ईटीएम एका फनेलमध्ये येतात, तो दुसऱ्या फनेलमध्ये, मग ईटीएफ (मधातला लहान बफर), मग वाटा फोडणारा रेप्लिकेटर, आणि तिथून एक वाट ईटीआरकडे म्हणजे रॅममध्ये अन् दुसरी टीपीआययूकडे म्हणजे बाहेरच्या पिनांवर. ओलिताच्या नाल्यांसारखंच आहे, कोणत्या नालीचं तोंड उघडायचं अन् कोणतं बुजवायचं हे ड्रायव्हर पाहते.

मी काय केलं ते सांगतो. पहिले सोर्स (ट्रेस काढणारा ईटीएम) चालू केला तर एरर, मग कळलं आधी सिंक (ट्रेस साठवणारी जागा) लागते. मग सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंगच्या फाईलींत, टीएमसी ईटीआर च्या एनेबल सिंकमध्ये १ लिहिलं, नंतर ईटीएम ० च्या एनेबल सोर्समध्ये १, चालू झालं. तासाभरानं सोर्स बंद करून डीडी कमांडने फाईल काढली तर ४० केबीसुद्धा नाही. बफर १ एमबीचा आहे, तो तर भरून गोल फिरायले पाहिजे होता. ओपनसीएसडी या डिकोडर लायब्ररीने डिकोड केलं तर शेवटचे पत्ते पोल कॉलचे (प्रोग्राम वाट पाहत थांबते तो कॉल), त्याच्यापुढं काहीच नाही. आणि बंद करायच्या आधी एनेबल सोर्स वाचून पाह्यलं होतं, तिथं १ च होतं, डीमेसेगमध्येही (कर्नलचा लॉग) चकार शब्द नाही. काहून होत असन हे?

प्रतिसाद १:
प्रोग्राम कुठल्या कोअरवर चालतो ते बांधलंय का? तुम्ही फक्त ईटीएम ० उघडलाय, शेड्युलरने प्रोग्राम कोअर २ वर नेला तर तुमच्या हाती काही येणार नाही. टास्कसेट कमांडने कोअर ० वर बांधून परत बघा.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा, हे डोक्यातच नव्हतं. बांधून पाह्यलं. थोडा फरक पडला, पण पुन्हा पोलपाशीच येऊन तुटते. आज चार वेळा केलं, चारही वेळा तिथंच.

प्रतिसाद २:
भाऊ, पोलपाशी तुटते हाच तर धागा आहे. पोलमध्ये तुमचा प्रोग्राम झोपते, कोअर ० ले दुसरं काम नसलं की कर्नलचा सीपीयू आयडल त्याले पॉवर कोलॅप्समध्ये म्हणजे खोल झोपेत घालते, कोअरची वीज गेली की ईटीएमचे रजिस्टरही पुसले जातात. कोअर जागा होते पण ईटीएमले कोणी पुन्हा सेट करत नाही. ड्रायव्हरच्या हिशोबात तो चालूच आहे म्हणून तुम्हाले १ दिसते. नव्या कर्नलात ईटीएम ४ चा ड्रायव्हर ही स्थिती जपून परत भरते, त्यासाठी डिव्हाईस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन) त्या ईटीएमच्या नोडवर एक प्रॉपर्टी लागते, सीपीयूसोबत कॉन्टेक्स्ट जाते असं सांगणारी. ५.४ मध्ये ते नाही. खात्री करायची असन तर सीपीयू ० च्या सीपीयू आयडलमध्ये जा, स्टेट १ म्हणजे त्या खोल झोपेच्या डिसेबलमध्ये १ लिहा अन् पहा.

धागाकर्ता:
राजेहो, तेच निघालं! स्टेट १ बंद केल्याबरोबर १ एमबी पूर्ण भरला. पण असं ठेवलं तर बॅटरी लवकर उतरते, वावरात रात्रभर पुरणार नाही. दुसरं म्हणजे १ एमबी काही सेकंदांतच गोल फिरते, मले पाहिजे ते रिले अडकायच्या वेळचं, ते पकडू कसं?

प्रतिसाद १:
मग सिसएफएस सोडा आणि पर्फ या लिनक्सच्या टूलने ट्रेस घ्या. पर थ्रेड मोडमध्ये प्रोग्राम ज्या कोअरवर जाईल तिथला ईटीएम चालू होतो आणि प्रोग्राम बाजूला झाला की बंद होतो. दरवेळी नव्याने सेट होत असल्यामुळे कोअर झोपला तरी काही बिघडत नाही, आयडल चालू ठेवा. टास्कसेटचीही गरज नाही. सीएस ईटीएम इव्हेंटला ॲट (@) लावून सिंकचं नाव द्या, शेवटी यू म्हणजे फक्त युजरस्पेस. आणि पर्फला स्नॅपशॉट मोडमध्ये सोडा, तो काहीच लिहीत बसत नाही, तुम्ही सिगयूझर २ हा सिग्नल पाठवला की त्या क्षणी बफरात असेल ते उचलतो. शिवाय प्रोग्राम मेमरीत कुठे बसला ते पर्फ स्वतः नोंदवतो, सिसएफएसच्या डंपात नुसते पत्ते येतात.

धागाकर्ता:
हे तर नेमकं मले पाहिजे होतं. आज एक छोटी स्क्रिप्ट बनवली, पाणी खाली असून रिलेची पिन दोन सेकंदांच्यावर चालूच दिसली तर ती पर्फले सिगयूझर २ पाठवते आणि मोटर दुसऱ्या रिलेने तोडते, म्हणजे पुन्हा वायंडिंग जळायची भीती नाही. हाताने सिग्नल देऊन पाह्यलं, फाईल बरोबर आली. एकच अडलं, बोर्डावरचं पर्फ ती फाईल उघडत नाही, डिकोडर नाही म्हणते.

प्रतिसाद २:
पर्फ बिल्ड करताना कोअरसाईट = १ द्यावं लागते, नाहीतर ओपनसीएसडी जोडलं जात नाही. १ जीबी रॅमवर कशाले करता, फाईल लॅपटॉपवर आणा, तिथं बिल्ड करा, डिकोड कुठंही होते. फक्त पर्फ आर्काईव्हने बोर्डावरच्या बायनरी सोबत घ्या. तुमचा प्रोग्राम मधात पुन्हा कंपाईल केला असन तर जुना ट्रेस त्याच्यावर बसणार नाही, तीच बायनरी लागते.

धागाकर्ता:
बरं झालं सांगितलं, मी कालच एक ओळ बदलून कंपाईल केलं होतं. आता बायनरीले हात लावत नाही. लॅपटॉपवर पर्फ बनवलं, हाताने घेतलेला स्नॅपशॉट उघडला, सेन्सर वाचायचं फंक्शन, तुलना, रिलेचं फंक्शन, सगळ्या उड्या ओळीनं दिसतात. बोर्ड संध्याकाळी विहिरीवर लावून आलो, या आठवड्यात लाईन रात्रीची आहे. अडकला की इथंच टाकतो.