मदत हवी आहे: स्पोर्ट्स मार्केटिंगसाठी आधी काय शिकू?

बी.कॉम. झालंय, पुण्यात डिजिटल एजन्सीत आहे. सोशल मीडिया, जाहिरातींचं बजेट, एक्सेल बऱ्यापैकी जमतं. आता प्रायोजकत्वाच्या कामात शिरायचंय, शक्यतो कबड्डीत. (क्रिकेटच्या दारात आधीच रांग आहे.)

गावाकडच्या कबड्डी स्पर्धेसाठी प्रायोजक मिळवून पाहिले. सराफाने बॅनरचे पैसे दिले, पण "मला यातून काय मिळालं?" याचं उत्तर आकड्यांत देता येईना. प्रो कबड्डीतल्या संघांकडे अर्ज केले. एका ठिकाणी मुलाखत झाली, तिथेही हाच प्रश्न: जर्सीवरच्या लोगोची किंमत कशी ठरवाल? २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर ड्रीम११ भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून गेलं आणि अपोलो टायर्स आलं. अशा वेळी नव्या कंपनीपुढे किंमत कशी मांडतात, हेही समजून घ्यायचंय.

एमबीए किंवा लाखभर फीचा कोर्स परवडणार नाही, नोकरी सोडता येणार नाही. संध्याकाळ आणि रविवार मोकळे. लीगमध्ये विनामोबदला कामही चालेल.

या क्षेत्रातल्यांनी सांगावं: आधी प्रायोजकत्वाचं मूल्यमापन शिकू, की सामन्याच्या दिवशी प्रायोजकांना सांभाळण्याचा अनुभव घेऊ? आणि मुलाखतीत दाखवायला कामाचा नमुना नेमका कसला करू?