झुपांचिच आणि झ्युपांचिच: एक स्लोव्हेनियन आडनाव की दोन?

वाचनवेडा:
स्लोव्हेनियन तत्त्वज्ञ स्लावोय झिझेक यांचे लेखन वाचता वाचता मी त्यांच्या ल्युब्ल्यानातील सहकारी आलेन्का झुपांचिच यांच्या लेखनापर्यंत पोहोचलो. पुढे स्लोव्हेनियन कवितेविषयी वाचताना ओटोन झ्युपांचिच हे नाव भेटले. रोमन लिपीत या दोन आडनावांत फरक एवढाच आहे की कवीच्या आडनावातील पहिल्या झेडवर एक छोटी खूण दिसते आणि तत्त्वज्ञ बाईंच्या आडनावात ती नसते. काही इंग्रजी पुस्तकांत तर दोघांच्याही नावांतील सगळ्याच खुणा गाळलेल्या आहेत. या दोघांविषयी एक टिपण लिहायचे असल्यामुळे जाणकारांना विचारतो: हे आडनाव एकच आहे का, दोघांचे घराणे एक असण्याची शक्यता कितपत आहे, आणि या आडनावाचा अर्थ ‘पाटील’ असा सांगितला जातो तो कितपत बरोबर आहे? मराठीत दोन्ही नावे कशी लिहावीत, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

दप्तरदार:
आडनावाचे मूळ एकच आहे, मात्र त्यावरून घराणे एक ठरत नाही. या आडनावाच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यावी लागते.

मूळ शब्द ‘झ्युपान’ हा आहे आणि तो फार जुना आहे. बव्हेरियाचा ड्यूक तासिलो तिसरा याने इ. स. ७७७ मध्ये क्रेम्सम्युन्स्टर येथील मठाला जे दानपत्र दिले, त्यात तेथील स्लाव लोकांच्या ‘योपान’ या प्रमुखाचा उल्लेख येतो. पुढे आजच्या स्लोव्हेनियाच्या प्रदेशात, विशेषतः क्रान्यस्का प्रांतात, झ्युपान म्हणजे गावचा प्रमुख असा अर्थ रूढ झाला. जमीनदाराच्या वतीने सारा आणि धान्याचा वाटा गोळा करणे, गावकऱ्यांचे म्हणणे जमीनदारापुढे मांडणे आणि किरकोळ तंटे मिटवणे ही त्याची कामे होती. त्याच्या मोबदल्यात त्याला इतरांपेक्षा मोठी जमीन कसायला मिळे किंवा साऱ्यात सूट मिळे, आणि याच सवलतींमुळे जमीनदारांच्या जुन्या सारावह्यांत तो इतर कुळांपासून वेगळा ओळखता येतो.

त्यामुळे पाटलाशी तुलना कामापुरती चालेल, त्यापलीकडे ती ताणू नये. आपल्याकडची पाटिलकी वतन म्हणून वंशपरंपरेने चालत असे, विकलीही जात असे. झ्युपानाचे पद तितके घट्टपणे एका घराण्याला बांधलेले नव्हते. शिवाय आडनाव नुसते ‘झ्युपान’ नाही. त्याला आधी लघुत्व दाखवणारा ‘एत्स’ आणि मग ‘त्याचा मुलगा’ अशा अर्थाचा ‘इच’ हे प्रत्यय लागून ते बनले आहे. झुपान आणि झुपांत्स ही आडनावेही स्लोव्हेनियात स्वतंत्रपणे नांदतात. म्हणजे हे आडनाव प्रत्यक्ष पदधारकाचे नसून त्याच्या मुलाबाळांना किंवा घरातील धाकट्या पातीला चिकटलेले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे.

आणखी एक गुंता आहे, तो घराच्या नावाचा. स्लोव्हेनियन खेड्यांत कुटुंबाच्या आडनावाव्यतिरिक्त घरालाही नाव असे आणि अनेक गावांत ते आजही टिकून आहे. ‘प्री झ्युपानु’, म्हणजे झ्युपानाकडे, असे ज्या घराला म्हणत, त्या घरात लग्न करून राहायला आलेल्या परक्या माणसालाही गाव त्याच नावाने हाक मारी. चर्चच्या नोंदवहीत कधी खरे आडनाव पडे, कधी घराचे, तर कधी दोन्ही. आडनावावरून रक्ताचे नाते ठरवू पाहणाऱ्याला ही प्रथा चांगलीच गोत्यात आणते.

गावे शेकडो होती आणि जवळजवळ प्रत्येक गावाला प्रमुख होता. साहजिकच हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले. आज ते देशातील सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या दहा आडनावांत आहे (पहिला क्रमांक ‘नोवाक’चा, सुमारे अकरा हजार लोकांचा, आणि तेही सुमारे २१ लाखांच्या देशात). झुपांचिचांचे प्रमाण आग्नेय स्लोव्हेनियात, म्हणजे डोलेन्स्का भागात, विशेष आहे.

खूणगाठ:
दप्तरदारांनी अर्थ सांगितला आहे, मी फक्त खुणेविषयी लिहितो, कारण गोंधळाचे खरे मूळ तेथे आहे.

‘झ्युपान’ या शब्दात खुणेचा झेड आहे आणि त्याविषयी कोणताही वाद नाही. असे असताना आडनावाचे बिनखुणेचे रूप कितीतरी अधिक आढळते. आदाम बोहोरिच याने १५८४ मध्ये स्लोव्हेनियन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखनपद्धतीत खुणा नव्हत्या, तर दोन-दोन अक्षरांच्या जोड्या होत्या आणि आजच्या खुणेच्या झेडसाठी एस व एच ही जोडी वापरली जाई. ही पद्धत १८४० च्या दशकापर्यंत चालली आणि त्यानंतर खुणांची आजची पद्धत रूढ झाली. परंतु दरम्यानच्या काळात सरकारी दप्तर जर्मन वळणाचे होते. जर्मन लेखनिक हेच आडनाव नुसत्या एसने सुरू करीत आणि शेवटी अक्षरांची लांबलचक माळ लावीत. जर्मनमध्ये स्वरापूर्वीच्या एसचा उच्चार साध्या झेडसारखा होतो. नव्या पद्धतीत नावे उतरवताना हा एस साधा झेड झाला आणि खूण वाटेतच गळली, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटणारे वाटते.

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहांच्या नोंदी ठेवण्याचे बंधन पाद्र्यांवर घातले आणि सम्राट योसेफ दुसरा याच्या १७८४ च्या फर्मानाने चर्चच्या नोंदवह्यांना सरकारी कागदाचा दर्जा मिळाला. त्यानंतर वहीत जे उमटले ते टिकले. म्हणून ‘मूळ शब्दात खूण आहे, तेव्हा तत्त्वज्ञ बाईंच्या नावातही ती हवी’ अशी दुरुस्ती कृपया कोणी करू नये. मी ती काही सूचींमध्ये पाहिली आहे आणि ती सरळसरळ चुकीची आहे.

वाचनवेडा:
दोघांचेही आभार. कवी आणि तत्त्वज्ञ यांच्याशिवाय या आडनावाच्या कोणत्या व्यक्तींची नोंद घ्यावी?

पूर्वपश्चिम:
ओटोन झ्युपांचिच (१८७८–१९४९) यांच्यापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण हे आडनाव स्लोव्हेनियन माणसाला सर्वप्रथम त्यांचीच आठवण करून देते. बेला क्रायिना भागातील विनित्सा येथे त्यांचा जन्म झाला. इव्हान त्सान्कार, ड्रागोतिन केते आणि योसिप मुर्न यांच्यासह त्यांनी स्लोव्हेनियन साहित्यात आधुनिकतेचा पाया घातला. केते आणि मुर्न ऐन तारुण्यात गेले, झ्युपांचिच मात्र दीर्घकाळ लिहीत राहिले. त्यांनी शेक्सपिअरची नाटके स्लोव्हेनियनमध्ये आणली, ते ल्युब्ल्यानाच्या राष्ट्रीय रंगभूमीशी निगडित होते आणि त्यांच्या बालकविता तेथील मुले आजही म्हणतात. माझ्या मते त्यांची मोठी कामगिरी भाषांतरांची आहे, परंतु याविषयी मतभेद असू शकतो.

आलेन्का झुपांचिच यांचा जन्म १९६६ चा. झिझेक आणि म्लादेन दोलार यांच्यासह त्यांनी फ्रेंच मनोविश्लेषक लाकां यांच्या विचारांची तत्त्वज्ञानाशी सांगड घातली आणि कान्टच्या नीतिविचारावरील त्यांचे विवेचन जगभर वाचले गेले. मिलेना झुपांचिच या अभिनेत्री १९७३ च्या एका अतिशय लोकप्रिय चित्रपटातील मेटाच्या भूमिकेमुळे घराघरांत पोहोचल्या. बोश्त्यान झुपांचिच हे कायदेपंडित १९९८ पासून २०१६ पर्यंत युरोपीय मानवाधिकार न्यायालयाचे न्यायाधीश होते. यांतील कवी सोडून बाकी सगळे बिनखुणेचे आहेत, ही गोष्ट आपल्या टिपणात आवर्जून यावी.

अमेरिकेतील शाखाही विसरू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंत हजारो स्लोव्हेनियन लोक क्लीव्हलँडच्या कारखान्यांत आणि मिनेसोटाच्या लोहखाणींत कामाला गेले. तेथे सगळ्याच खुणा गेल्या आणि शेवटच्या व्यंजनाचा उच्चार ‘क’ असा होऊ लागला. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावरील स्थलांतरित तपासणी केंद्राच्या कारकुनांनी नावे बदलली, ही कथा प्रसिद्ध असली तरी खरी नाही. प्रवाशांच्या याद्या युरोपातील बंदरांतच तयार होत असत आणि नावांतील बदल बहुधा नंतर, शाळेत किंवा नागरिकत्वाच्या अर्जात, लोकांनी स्वतःच केले.

खूणगाठ:
मराठी लेखनाचा प्रश्न राहिला होता. बिनखुणेसाठी ‘झुपांचिच’ आणि खुणेसाठी ‘झ्युपांचिच’ असे लिहावे, म्हणजे दोन उच्चारांतील फरक मराठी वाचकाला जाणवेल. शेवटचा ‘च’ ‘चाक’मधला नव्हे, ‘चहा’मधला, आणि आघात ‘पां’वर. स्लोव्हेनियन मजकुरात आपल्याला ‘झुपांचिचेवा’ असे रूप भेटेल, ते वेगळे आडनाव समजू नये. चेक भाषेत बदलते तसे येथे स्त्रियांचे अधिकृत आडनाव बदलत नाही. बाईंचा उल्लेख पहिल्या नावाशिवाय करायचा असला की मजकुरात तेवढ्यापुरते हे रूप वापरतात. ल्युब्ल्यानातील ‘झ्युपांचिचेवा उलित्सा’ हा मात्र कवीच्या नावाचा रस्ता आहे. तेथे तेच रूप षष्ठीचे काम करते. सूचीत दोन्ही आडनावे स्वतंत्र ठेवून परस्परसंदर्भ दिला, तर शोधणाऱ्याची सोय होईल.