कंपनीतल्या ६० जणांना ॲप द्यायचंय, पण बाहेर कुणाला दिसायला नको

भोसरीकर:
एमआयडीसीत छोटं युनिट आहे आमचं. स्टोअरमधल्या मालाची आवक-जावक नोंदवायला मी अँड्रॉइड ॲप केलंय. आत्तापर्यंत एपीके (ॲप इन्स्टॉल करायची फाइल) व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचो पण निम्मी जनता जुन्याच व्हर्जनवर, आणि काहींना 'ॲप इन्स्टॉल झालं नाही' असं येतं मग मी जाऊन जुनं काढून नवं टाकतो, त्यात न पाठवलेल्या नोंदी उडतात आणि स्टोअरवाले काका माझ्या नावाने शंख करतात. प्ले स्टोअरवर टाकलं तर सगळ्यांना दिसेल ना? त्यात साहेबांकडे आयफोन.

बिल्डमास्तर:
जुनं काढावं लागतं म्हणजे साइनिंग कीचा, म्हणजे ॲपवरच्या डिजिटल सहीचा घोळ आहे. डीबग बिल्ड (डेव्हलपरने स्वतः तपासायला बनवलेली फाइल) देताय ना, तेही दोन लॅपटॉपवरून? दोन्हीकडची की वेगळी, मग फोन कसा मानेल हे तेच ॲप आहे म्हणून.

कोथरूडची मीनू:
व्हॉट्सॲपवर एपीके बंदच करा आधी. आरटीओ चलान, लग्नपत्रिका असल्या नावाने एपीके येतात नि लोकांची खाती रिकामी होतात, आणि आपणच त्यांना सांगायचं की वॉर्निंग आली तरी ओके दाबा!
प्ले कन्सोलचं (प्ले स्टोअरवर ॲप टाकायची गूगलची साइट) खातं काढा, २५ डॉलर एकदाच. त्यात इंटर्नल टेस्टिंग आहे, १०० जणांपर्यंत जीमेल टाकता येतात, सर्चमध्ये दिसत नाही आणि अपडेट प्ले स्टोअरमधूनच जातं. १२ टेस्टर १४ दिवस ही अट ऐकली असेल तर ती नव्या पर्सनल खात्याला सगळ्यांसाठी पब्लिश करताना लागते, इथे नाही. माणसं वाढली तर मॅनेज्ड गूगल प्ले (कंपन्यांसाठीचं खासगी प्ले स्टोअर) बघा.

बिल्डमास्तर:
+१. फक्त प्लेवर गेल्यावर की बदलणार, म्हणजे शेवटचं एकदा जुनं काढावंच लागेल. काकांच्या नोंदी आधी सर्व्हरवर गेल्यात का बघा.

भोसरीकर:
केलं! पण चौघांना लिंक उघडली की ॲप सापडतच नाही म्हणतोय.

कोथरूडची मीनू:
प्ले स्टोअरमध्ये दुसरं जीमेल चालू असेल, बहुतेक पोरांचं. लिस्टमधलं खातं निवडून, लिंकवर आधी होकार देऊन मग बघायला सांगा.
साहेबांसाठी ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर, वर टेस्टफ्लाइटवर (ॲपलची टेस्टिंगची सोय) टाकलेलं बिल्ड ९० दिवसांनी बंद पडतं. ते नोंदी टाकतात का नुसत्या बघतात?

भोसरीकर:
चौघांपैकी तिघांचं झालं, तुम्ही म्हणालात तसंच, मुलाचं जीमेल. साहेब फक्त महिनाअखेरीला रिपोर्ट बघतात. त्यांना शीटची लिंक देतो झालं.