मदत हवी आहे: तळेगाव दाभाडेच्या गुन्हेगारीची देशाच्या सरासरीशी तुलना कशी करावी?

नमस्कार. माझे आईवडील कोथरूडची सदनिका सोडून तळेगाव दाभाडे येथे कायमचे राहायला जाण्याच्या विचारात आहेत. घरात यावर दोन तट पडले आहेत. "तिकडे आता गुन्हे फार वाढलेत" असे काहीजण म्हणतात, तर "पुण्यापेक्षा शांत गाव आहे" असे इतरांचे म्हणणे आहे. आणि दोन्ही बाजूंकडे पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सीसीटीव्हीच्या चित्रफितींपलीकडे काही नाही. वयस्कर माणसांच्या पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा प्रश्न असल्यामुळे निर्णय ऐकीव गोष्टींवर होऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी तुलनेच्या पद्धतीबाबत येथील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

देशाचा आकडा सहज मिळतो. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 2022 च्या अहवालानुसार देशभरात 58,24,946 दखलपात्र गुन्हे (ज्यांत पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) नोंदवले गेले आणि दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण 422.2 होते. पण याच दराचा मागचा प्रवास पाहिला की त्यावर किती भार टाकावा, असा प्रश्न पडतो. 2019 मध्ये तो 385.5 होता आणि 2020 मध्ये एकदम 487.8 झाला. त्या वर्षी देशात चोऱ्या-माऱ्या वाढल्या नव्हत्या. टाळेबंदीचे आदेश मोडल्याबद्दल तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 188 खाली लाखो गुन्हे दाखल झाले होते. म्हणजे एकूण दर हा लोकांच्या सुरक्षिततेइतकाच पोलिसांच्या कारवाईचाही आरसा असतो. दारूबंदी आणि जुगाराच्या गुन्ह्यांचेही तसेच आहे: ज्या ठाण्याने जास्त छापे घातले, त्याचा आकडा मोठा.

तळेगावच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. जुना पुणे-मुंबई महामार्ग आणि चाकणकडे जाणारा रस्ता या दोन्हींवर जड वाहनांची वर्दळ अखंड असते. बेदरकार वाहन चालवणे आणि निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू हेही दखलपात्र गुन्हेच असल्याने गुन्हा नोंदवलेल्या अशा प्रत्येक अपघाताची भर एकूण संख्येत पडते. पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होणाऱ्या एफआयआरच्या यादीत कलमांचा रकाना वाचत गेले की हे स्पष्ट होते: भारतीय न्याय संहितेचे 281 किंवा 106(1) दिसले की तो रस्त्यावरचा प्रकार असण्याची शक्यता मोठी, 303(2) म्हणजे चोरी, 305 म्हणजे घरातील चोरी आणि 331 म्हणजे घरफोडी. आईवडिलांच्या दृष्टीने मला शेवटचे तीन आणि सोनसाखळी चोरी एवढेच महत्त्वाचे वाटतात, म्हणून एकूण दराऐवजी या निवडक गुन्ह्यांचीच तुलना करावी, असा माझा विचार आहे. लैंगिक अत्याचारासारख्या संवेदनशील प्रकरणांचे एफआयआर संकेतस्थळावर टाकले जात नाहीत, त्यामुळे महिलांवरील गुन्ह्यांसाठी ही यादी उपयोगाची नाही, हेही लक्षात घेतले आहे.

खरी अडचण भागाकारात आहे. 2011 च्या जनगणनेत तळेगावची लोकसंख्या सुमारे 56 हजार होती. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही आणि दरम्यान तेथे किती इमारती उभ्या राहिल्या, हे स्टेशन परिसरातून चालत गेलेल्या कोणालाही दिसेल. जुन्या लोकसंख्येने भागले तर दर फुगतो. खुद्द एनसीआरबीच्या महानगरांच्या तक्त्यातही हाच प्रकार आहे: पुण्यासाठी 2011 ची 50.5 लाख ही संख्या धरली जाते, तर देशाच्या दरासाठी त्या-त्या वर्षाची अंदाजित लोकसंख्या, म्हणजे 2022 साठी सुमारे 138 कोटी. शहराचा दर आणि देशाचा दर शेजारी ठेवून बातमी करणाऱ्यांनी हा फरक सांगितल्याचे माझ्या वाचनात क्वचितच आले आहे, आणि मला ते फार खटकते. शिवाय पोलीस ठाण्याची हद्द आणि नगरपरिषदेची हद्द एक नसते. ठाण्याच्या नोंदींत आसपासची गावे येतात. उलट लोणावळा लोकलमध्ये पाकीट मारले गेले, तर तो गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे जातो आणि तळेगावच्या खात्यात दिसतच नाही.

खुनाच्या आकड्यावर सहसा सर्वांचा विश्वास असतो, कारण खून दडपणे कठीण. 2022 मध्ये देशात 28,522 खून झाले, म्हणजे लाखामागे 2.1. मात्र 56 हजारांच्या गावात वर्षाला एक खून झाला तर दर 1.8 येतो आणि तीन झाले तर 5.3. केवळ दोन घटनांच्या फरकाने गाव देशाच्या सरासरीखालून थेट अडीच पटींवर जाते, म्हणून एका वर्षाच्या आकड्याला अर्थ उरत नाही आणि किमान पाच वर्षांची सरासरी काढणे भाग आहे. त्यातही 15 ऑगस्ट 2018 रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि तळेगाव पुणे ग्रामीणमधून तिकडे गेले. त्यामुळे जिल्हावार तक्त्यांत 2018 च्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे जोडून वाचता येत नाहीत.

आता नेमकी मदत हवी आहे ती अशी. पोलीस ठाणेनिहाय घरफोडी, वाहनचोरी आणि सोनसाखळी चोरीची वर्षवार संख्या माहिती अधिकाराखाली कोणी मागितली आहे का? मागितली असल्यास अर्ज आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा की परिमंडळाच्या कार्यालयाकडे, आणि माहिती कोणत्या स्वरूपात मागितली असता "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असे उत्तर टळते? लोकसंख्येच्या अंदाजासाठी मतदार यादी, मालमत्ता कराच्या नोंदी किंवा नळजोडण्यांची संख्या यांपैकी काय अधिक विश्वासार्ह ठरते, हे नगररचना किंवा संख्याशास्त्राच्या क्षेत्रातील सदस्यांनी कृपया सांगावे. देशाच्या सरासरीऐवजी लोणावळा किंवा बारामती यांसारख्या साधारण तेवढ्याच लोकसंख्येच्या गावांशी तुलना करणे अधिक योग्य होईल, असे मला वाटू लागले आहे. त्या गावांची अशी आकडेवारी कोणाकडे असल्यास कृपया येथेच द्यावी. आणि तळेगावात राहणाऱ्या ज्येष्ठ सदस्यांना एक विनंती: आपल्या सोसायटीत मागील काही वर्षांत घरफोडी झाली असल्यास तिचा एफआयआर नोंदवला गेला की केवळ तक्रार अर्जावर भागवले गेले, एवढे अवश्य लिहावे, कारण न नोंदवलेले गुन्हे यांपैकी कोणत्याच तक्त्यात सापडणार नाहीत.